सेलवर चालतो, विजेवर नाही

फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट आणि ती वाजवणारा ‘ईएल ३३००’ हा रेकॉर्डर पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्या यंत्राच्या पोटात ट्रान्सफॉर्मर नव्हता. दीड व्होल्टचे पाच मध्यम सेल, म्हणजे साडेसात व्होल्ट, एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. फिलिप्समध्ये ते घडवणाऱ्या लू ऑटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यंत्र हातात मावेल एवढं लहान हवं होतं, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं, म्हणजे वजन. घरच्या विजेची सोय पोटातच करून देणारे रेकॉर्डर नंतर आले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्याकडे घरोघरी दिसणारे रेकॉर्डर आणि टू-इन-वन बहुतेक या दुसऱ्या जातीचे : मागच्या बाजूला चार किंवा सहा मोठ्या सेलचं घर, आणि शेजारी दोन पिनांची कॉर्ड खुपसायला खाच.

माळ्यावर वीस-तीस वर्षं पडून असलेला असा रेकॉर्डर आज कुणी खाली काढतं, ते बहुतेकदा एखाद्या कॅसेटपायी. आजोबांचं कीर्तन असतं, आत्याचा आवाज असतो. कॉर्ड लावली जाते, बटण दाबलं जातं आणि काहीच होत नाही, किंवा काहीतरी भलतंच होतं. अशा वेळी बऱ्याच हौशी मंडळींचा हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. त्याआधी एक काम बाहेरूनच करता येतं. या यंत्राला वीज दोन वाटांनी मिळते आणि त्या दोन्ही पुढे एका ठिकाणी मिळतात. म्हणून यंत्र दोन्ही वाटांनी चालवून बघायचं. सेलवर चालतं पण विजेवर नाही, तर कॉर्ड, ट्रान्सफॉर्मर, डायोड एवढाच मुलूख संशयित. विजेवर चालतं पण सेलवर नाही, तर सेलचं घर, त्याच्या तारा आणि खाचेतला संपर्क. दोन्हीवर सारखंच मुकं असेल, तर बिघाड दोन्ही वाटा मिळाल्यानंतरचा : चालू-बंदचा स्विच, टेपच्या बटणाखालची पत्ती, किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट. आणि दोन्हीवर चालतं, पण विजेवर घरघरतं, तर गुन्हेगाराचं नाव बहुधा फिल्टर कंडेन्सर. नव्या सेलचा खर्च सोडला तर हे सगळं फुकटात कळतं.

यानंतर मीटर. मीटर सहसा खोटं बोलत नाही, पण विचाराल तेवढंच सांगतो, आणि वीजपुरवठ्याचा बिघाड शोधताना चुकीचा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता फार. सेलच्या घरात चार नवे सेल घातले, मीटरच्या दोन काड्या आतल्या तारांच्या टोकांना लावल्या, मीटरने ६.३ व्होल्ट दाखवले. माणूस समाधानाने म्हणतो, पुरवठा ठीक आहे. पण त्या क्षणी त्या तारांतून काही वाहतच नव्हतं. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगओहम असतो. सहा व्होल्टवर तो एक मायक्रोॲम्पिअरसुद्धा ओढत नाही. वाटेत गंजलेला, दहा हजार ओहमचा सांधा असला तरी मीटर सहाच्या जागी ५.९९ व्होल्ट दाखवेल. त्याच सांध्यातून मोटरला दीडदोनशे मिलिॲम्पिअर हवे झाले, की पलीकडे व्होल्ट उरतच नाहीत. दहा हजार ओहम तर सोडाच, नुसता तीन ओहमचा मळकट संपर्क २०० मिलिॲम्पिअरला ०.६ व्होल्ट खाऊन टाकतो, आणि चार सेलच्या यंत्रात सेल थोडे उतरलेले असले, की तेवढ्याने आवाज फाटू लागतो.

तेव्हा मोजमाप घ्यायचं ते टेप चालू असताना, किमान ‘प्ले’चं बटण दाबलेलं असताना. व्होल्ट आहेत का, हा प्रश्न फारसा कामाचा नाही. काम पडल्यावर ते टिकतात का, हे विचारायचं. याहून नेमकी पद्धत अशी : काळी काडी सेलच्या ऋण टोकावर न ठेवता, संशयित सांध्याच्या दोन बाजूंना दोन काड्या लावायच्या आणि टेप चालवायची. सांधा निरोगी असेल तर त्याच्या दोन बाजूंत फरक जवळपास शून्य असतो. ०.१ व्होल्टपर्यंत चालून जातं. अर्धा व्होल्ट दिसला, की चोर तिथेच आहे. काही उकलायची, काही बदलायची गरज नाही. दुरुस्तीच्या दुकानांत ही युक्ती म्हणावी तितकी वापरली जात नाही याचं मला नवल वाटतं, कारण हिला लागतात दोन काड्या आणि अर्धं मिनिट.

सेलच्या घराकडे वळू. इथला शत्रू ठरलेला. विसरलेले सेल फुटतात आणि त्यातला द्रव स्प्रिंगांवर उतरतो. जुन्या जस्त-कार्बन सेलचा हा द्रव आम्लाकडे झुकणारा असतो, अल्कलाईन सेलमधला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे उलट्या स्वभावाचा. अल्कलाईनचा पांढरा कीस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होतो. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतो. त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चालतो, जस्त-कार्बनच्या घाणीला खायच्या सोड्याचं पाणी. दोन्हींनंतर स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. खरखरीत सँडपेपरचा मोह टाळावा : स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा उडाला, की खालचं पोलाद पुढच्याच पावसाळ्यात तांबडं होतं. कोकणात तर त्याआधीच.

पण स्प्रिंगा चकचकीत झाल्या म्हणजे काम संपलं असं नाही. अल्कलाईनचा द्रव तारेच्या प्लास्टिकच्या आतून, तांब्याच्या केसांमधून, कित्येक सेंटिमीटर पुढे सरकतो. वरून तार लाल किंवा काळी, अगदी नवी दिसते. टोक सोलून बघितलं की आत तांबं काळंठिक्कर, आणि सोल्डर त्याला धरत नाही. अशी तार घासत बसू नये. सर्किटच्या पट्टीपर्यंत नवी ओढावी. वर सांगितलेली दोन काड्यांची चाचणी स्प्रिंगपासून पट्टीपर्यंत केली, तर तार न सोलताच हे कळतं.

आणखी एक साधी गोष्ट, पण तिने भल्याभल्यांना चकवलं आहे. चारपैकी एक सेल उलटा बसला तर बेरीज साडेचार व्होल्ट होत नाही, तीन होते, कारण उलटा सेल स्वतःचे दीड देत तर नाहीच, शिवाय दुसऱ्याचे दीड खातो. यंत्राचा दिवा मंद लागतो, मोटर कण्हते, आणि शंका ट्रान्झिस्टरवर जाते. रिचार्जेबल सेलचं मात्र उगाच नाव खराब झालं आहे. त्यांचे चार मिळून ४.८ व्होल्ट होतात हे खरं; पण अल्कलाईन सेलही निम्मा वापरून झाला की दर सेल १.२ व्होल्टच्या आसपासच येतो, आणि ही यंत्रं त्याहूनही खाली चालतील अशीच बेतलेली होती. रिचार्जेबल सेलवर जो धड रेकॉर्डर रडतो, त्याच्या वाटेत कुठेतरी मळ आहे असं मी धरून चालतो.

आता ती खाच, जिच्यात कॉर्ड खुपसतो. बऱ्याच यंत्रांत तिच्या मागे एक छोटी पत्ती असते. कॉर्ड आत गेली की तिचा धक्का लागून पत्ती सरकते आणि सेलची वाट तुटते. कॉर्ड काढली की पत्ती परत येऊन सेल जोडले जातात. ॲडॅप्टरच्या गोल भोकातही हीच रचना. कल्पना साधी आणि शहाणपणाची : घरची वीज चालू असताना सेलमध्ये उलटा प्रवाह जाऊ नये आणि सेल फुकट संपू नयेत. पण परिणाम असा, की सेलवर चालण्यासाठी प्रत्येक मिलिॲम्पिअरला या पत्तीवरून जावं लागतं. यंत्र वर्षानुवर्षं विजेवरच चाललं असेल, तर पत्ती तेवढा काळ उघडी राहिलेली असते. तिच्यावर ऑक्साइडची पुटं चढतात, स्प्रिंगचा जोर मरतो. नवे सेल घातले तरी रेकॉर्डर मेल्यासारखा पडून राहतो, अशा तक्रारीत सेलच्या घराखालोखाल पहिला संशय हाच. कॉर्ड आठ-दहा वेळा घालून-काढून बघावी; क्षणभर जीव आला तर निदान झालंच. मग प्लग भिंतीतून काढून, जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून पत्तीच्या दोन टोकांमधून ओढायची. पट्टीवर काळी रेघ उमटते. ती उमटेनाशी होईपर्यंत ओढत राहायचं. टेपच्या बटणांखाली मोटर चालू करणारी जी पत्ती असते, तिलाही हाच उपचार. सगळ्यावर तेलकट फवारा मारून मोकळं होणाऱ्यांनी निदान बेल्टचा आणि कॅपस्टनवर दाबणाऱ्या रबरी चाकाचा विचार करावा. तेल तिथे पोचलं की नवीच दुखणी सुरू होतात.

घरच्या विजेच्या बाजूला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की हवी. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे २३० व्होल्ट आहेत. पलीकडच्या सहा-नऊ व्होल्टशी खेळता येतं, अलीकडच्यांशी नाही. म्हणून अलीकडची सगळी तपासणी प्लग भिंतीतून काढून, ओहमच्या मापावर करायची. कॉर्डच्या दोन पिनांवर मीटर लावला की ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या वेटोळ्याचा रोध दिसतो : अशा लहान ट्रान्सफॉर्मरमध्ये काही शे ओहम ते हजार-दीड हजार. काहीच दिसलं नाही, तर आधी कॉर्ड तपासावी. ती पिनेजवळ वळून वळून आतून तुटलेली असते. कॉर्ड शाबूत असेल तर वेटोळं तुटलं, किंवा त्याच्या पिवळ्या पट्टीखाली दडलेला थर्मल फ्यूज उडाला. हा फ्यूज ठरावीक तापमानाला एकदाच तुटतो आणि परत जुळत नाही. तो तुटला म्हणजे ट्रान्सफॉर्मर कधीतरी भलताच तापला होता, आणि त्याला काहीतरी कारण होतं. फ्यूजच्या जागी नुसती तार जोडून ‘चालू करून देणारे’ कारागीर आहेत. लाकडी कपाटात, पडद्याशेजारी ठेवायच्या वस्तूत हे करू नये.

ट्रान्सफॉर्मर जळण्याचं एक कारण आपल्याकडे खास भेटतं. रत्नागिरी-रायगडातली कितीतरी माणसं आखातात कामाला गेली आणि येताना टू-इन-वन घेऊन आली. सौदी अरेबियात त्या काळी घरांत १२७ व्होल्ट असायचे, काही ठिकाणी २२०, तेही ६० हर्ट्झवर. त्यामुळे तिथे विकल्या जाणाऱ्या यंत्रांच्या पाठीमागे किंवा सेलच्या घरात व्होल्टेज निवडायची खटकी असे. ती ११०-१२७वर राहिली आणि कॉर्ड इथल्या २३० व्होल्टमध्ये गेली, की ट्रान्सफॉर्मर काही मिनिटांत वास सोडतो. आजही असं यंत्र हाती आलं तर कॉर्ड लावायच्या आधी ही खटकी शोधावी. ६० हर्ट्झचं ५० झाल्याने टेपचा वेग मात्र बदलत नाही, कारण मोटर डीसीवर चालते; ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त कोमट राहतो, एवढंच.

पलीकडच्या वेटोळ्याचा रोध जेमतेम काही ओहम भरतो. तिथे एसी आले की पुढे चार डायोडांचा पूल. मीटरच्या डायोड-मापावर सिलिकॉन डायोड एका दिशेला ०.५ ते ०.७ दाखवतो, दुसऱ्या दिशेला काहीच नाही. दोन्हीकडे शून्य तर शॉर्ट, दोन्हीकडे काहीच नाही तर तुटलेला. शॉर्ट झालेला डायोड ट्रान्सफॉर्मरला शिजवतो, म्हणून थर्मल फ्यूज उडालेल्या यंत्रात हे चार आधी बघावेत.

फिल्टर कंडेन्सरपाशी जरा थांबायला हवं, कारण ‘घरघर येते’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. डायोडांच्या पुलामागून वीज सलग येत नाही, सेकंदाला शंभर उसळ्यांनी येते, कारण ५० हर्ट्झच्या दोन्ही अर्ध्या लाटा सरळ केलेल्या असतात. दोन उसळ्यांमधल्या खड्ड्यात यंत्राला पुरवठा करायचा तो कंडेन्सरने. गणित सोपं आहे. यंत्र २०० मिलिॲम्पिअर ओढतं आणि कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा आहे, तर एका उसळीपासून दुसरीपर्यंतच्या दहा मिलिसेकंदांत व्होल्टेज ढोबळमानाने दोन व्होल्टनी उतरतं. ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून डायोडांचे १.४ वजा जाता शिखर सात व्होल्टच्या आसपास मिळतं, म्हणजे तळ पाचला. नवेपणीही एवढे चढउतार असतातच. पुढची सर्किटं ते गाळून घेतात. पण कंडेन्सरच्या आतला द्रव वर्षांनुवर्षं रबरी बुडातून उडून जातो. क्षमता चौथ्या हिश्शावर आली, की प्रत्येक दोन उसळ्यांच्या मध्ये यंत्र जवळजवळ उपाशी. तीच उपासमार स्पीकरमधून शंभर हर्ट्झची घरघर होऊन ऐकू येते. पुलातला एक डायोड तुटला तर उसळ्या निम्म्या होतात, खड्डा दुप्पट लांब, आणि घरघर पन्नासची, अधिक खर्जातली. ज्याला सूर कळतो त्याला हा फरक मीटरशिवाय कळतो : पन्नासची घरघर शंभरच्या बरोबर एक सप्तक खाली असते.

घरघर कुठून शिरते हे आवाजाच्या बटणाने ओळखावं. आवाज पूर्ण शून्यावर नेला तरी ती तेवढीच राहिली, तर ती थेट पुरवठ्यातून आउटपुटला येते आहे. शून्यावर गप्प झाली, तर ती आवाजाच्या बटणाआधी, हेडच्या पहिल्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरते. तिथे मोठ्या कंडेन्सरऐवजी त्या टप्प्याला वेगळं गाळून देणारा शंभर ओहम-शंभर मायक्रोफॅरडचा छोटा जोड बघायचा. यंत्र वाजण्याऐवजी ‘फट फट फट’ असा होडीच्या इंजिनासारखा आवाज काढत असेल, तरीही याच जोडावर नजर ठेवावी : आउटपुटने प्रवाह ओढला की पुरवठा डगमगतो, ती डगमग पहिल्या टप्प्याला परत पोचते, आणि चक्र सुरू होतं.

खात्री करण्यासाठी जुना कंडेन्सर उपटायची गरज नसते. यंत्र बंद करून, त्याच क्षमतेचा चांगला कंडेन्सर धन-ऋण सांभाळून जुन्याच्या टोकांना समांतर जोडायचा आणि चालू करायचं. घरघर गेली तर निदान पक्कं. नवा घेताना व्होल्ट वरचे घ्यावेत, १० व्होल्टच्या जागी १६ किंवा २५. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास असे कंडेन्सर सहज मिळतात. क्षमता मात्र ‘जास्त तेवढी चांगली’ म्हणून पाचपट करू नये. चालू होताना रिकामा मोठा कंडेन्सर जो लोंढा ओढतो, तो बिचाऱ्या डायोडांना सोसावा लागतो.

सगळेच्या सगळे कंडेन्सर एका बैठकीत बदलून टाकायची एक फॅशन आहे. माझं मत तिच्या विरुद्ध आहे. पन्नास वर्षांच्या पट्टीवरची तांब्याची रेघ तापल्यावर उचकटते, चाळीस ठिकाणी सोल्डर केलं की दोन ठिकाणी ध्रुव उलटे लागतात, आणि मूळ बिघाड कुठला होता हे कायमचं हरवतं. आधी आजारी कोण ते शोधावं.

यंत्र दोन्ही वाटांनी मुकं असेल आणि सेल घातले की तापू लागत असतील, तर पुढे शॉर्ट आहे. तो जपून शोधायचा तर सेलच्या वाटेत स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब ओवावा. यंत्र निरोगी असेल तर बल्ब जेमतेम लालसर होतो. शॉर्ट असेल तर तो प्रकाशतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, पुढे काही जळत नाही. मग पट्टीवर तपकिरी झालेला रेझिस्टर शोधायचा. तो स्वतः बहुधा निर्दोष असतो. त्याच्या पलीकडचा कंडेन्सर किंवा झेनर शॉर्ट झालेला असतो आणि हा मधल्यामध्ये भाजलेला. ज्या यंत्रात व्होल्टेज स्थिर ठेवायला ट्रान्झिस्टर आणि झेनर आहे, तिथे दोन आकडे पुरतात. ६.८ व्होल्टच्या झेनरवर ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ६.१च्या आसपास मिळायला हवेत. शून्य मिळाले तर झेनर शॉर्ट, किंवा ट्रान्झिस्टर तुटलेला. आत येतात तेवढेच बाहेर पडत असतील, तर ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट किंवा झेनर तुटलेला. अशा वेळी टेप जोरात, खणखणीत वाजते आणि घरचे खूश होतात. आयसी मात्र जास्त दिवस खूश राहत नाही.

ॲडॅप्टरबद्दल दोन शब्द पुरेत. ‘६ व्होल्ट’ लिहिलेला जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॅप्टर लोडशिवाय नऊसुद्धा दाखवतो. ते गैर नाही. गोल पिनेच्या आत धन की ऋण हे मात्र यंत्रागणिक बदलतं, आणि कितीतरी जपानी रेकॉर्डरांत आत ऋण असतं. भोकाशेजारचं चिन्ह वाचल्याशिवाय पिन आत घालू नये. साठच्या दशकातल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या काही यंत्रांत तर सेलचं धन टोक धातूच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. तिथे काळी काडी सवयीने सांगाड्याला लावून मोजलं, तर सगळे आकडे उणे येतात आणि माणूस निष्कारण गोंधळतो. हल्लीचे मोबाइलसारखे हलके ॲडॅप्टर व्होल्ट अचूक देतात, पण काहींची बारीक शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये उतरते. जपून ठेवायचं काही उतरवून घ्यायचं असेल तर सेल बरे.

शेवटची चाचणी मोटरच्या टोकांवर. टेप चालवून अर्धा तास मीटर तिथेच लावून ठेवावा. बऱ्याच यंत्रांत मोटरच्या पोटातच मिनिटाला साधारण २४०० फेऱ्यांवर वेग धरून ठेवणारं छोटं सर्किट असतं. त्याला हवे तेवढे व्होल्ट मिळाले तर पुढचं ते बघतं. व्होल्ट आणि आवाज दोन्ही एकत्र उतरत असतील, तर अजून पुरवठ्यातच काहीतरी राहिलं आहे : तापल्यावर सुटणारा ड्राय सोल्डर, किंवा पुन्हा तीच पत्ती. व्होल्ट जागच्या जागी आहेत, आवाजाचा जोर कायम आहे, आणि तरीही कीर्तनकार खर्जात जातो आहे, तर पुरवठ्याला सोडून द्या. बेल्ट सैल झाला आहे, नाहीतर वितळून पुलीला डांबरासारखा चिकटला आहे.